दुसऱ्या कडव्यानंतरचा खोकला

बाबांनी ते गाणं एका खरखरणाऱ्या अमेरिकन तबकडीवरून उचललं होतं. इंग्लंडमधल्या आमच्या बर्कनहेडच्या गोदीत उतरलेल्या एका खलाशाने ती आणली होती. गाणारा मिसिसिपीकडचा कोणी काळा माणूस. लेबल फाटलेलं, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. दुसऱ्या कडव्यानंतर तो खोकतो. बाबा आणि त्यांचे दोस्त डेनीकाका तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांना तो खोकला गाण्याचाच भाग वाटला. तालाला आजीचा कपडे घासायचा पत्रा, चहाच्या खोक्याला काठी नि दोरी बांधून केलेलं तंतुवाद्य, एक जुनी गिटार, आणि नेमक्या जागी खोकला. असं त्यांचं स्किफल, म्हणजे तेव्हाच्या पोरांचं घरगुती वाद्यांवरचं गाणं. छप्पन्न साली चर्चच्या हॉलमध्ये त्या खोकल्यावर शिट्ट्या पडायच्या.

डेनीकाका पुढे लंडनला गेले. तिथे त्यांनी तेच गाणं व्हायोलिनं लावून गायलं, खोकला गाळून. देशभर वाजलं. गीतकाराच्या जागी छापलं होतं, 'पारंपरिक'. बाबा गोदीतच राहिले, जहाजांच्या बॉयलरना ॲस्बेस्टॉस लपेटत.

"आता कुठे मला ते गाणं जमायला लागलंय," त्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसं खाल्ल्यावर, शेवटच्या हिवाळ्यात, ते खोकत नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत म्हणाले. "तो बिचारा आजारी होता गं, नोरीन. आणि आम्ही गाढवं त्यावर ताल धरत होतो."

जरा दम खाऊन म्हणाले, "माझ्या अंत्यविधीला डेनीलाच गाऊ दे. पण खोकल्यासकट. त्या माणसाचं तेवढंच तर आपल्याकडे आहे."

मी डेनीकाकांना फोनवर सांगितलं. अंत्यविधीच्या दिवशी चॅपलच्या दारात पुन्हा आठवण केली.

"विसरलो नाही, बाईसाहेब," त्यांनी माझा गाल थोपटला. "या वयात खोकायला काय शिकवणी लावायची?"

ते गायले. आवाज अजून लोण्यासारखा. दोन-चार जणांनी मोबाइल वर धरले. दुसरं कडवं संपलं. मी बाकाची कड घट्ट धरली. डेनीकाकांनी मोबाइलांकडे बघून मंद हसत तिसरं कडवं उचललं.

मग मीच खोकले. मोठ्याने, पण उशिरा; तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ अर्धी झाली होती.

पुढच्या बाकावरच्या मिसेस मॉलिन्यू वळल्या. त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातात कोंबली.

"चघळ, बाळा," त्या कुजबुजल्या. "किती सुरेख गातोय, ऐकू दे की लोकांना."

मी ती चघळली.