पावाजवळचा ग्लास

इटलीतल्या डोल्चेआक्वा गावात जोबात्ताच्या नाकाला भलताच मान होता. रोसेसे द्राक्षाची फिकट लाल वाइन नुसती हुंगून तो ती कुठल्या मळ्यातली ते सांगायचा. पण गेल्या हिवाळ्यातल्या तापात ते नाक कायमचं गेलं. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, तेक्लाला. शेगडीवर कॉफी करपली तरी हा आपला समोर ढिम्म बसलेला!

मुलगा ओरेस्ते हट्टाला पेटला होता. समुद्राकडच्या उतारावरचा सगळ्यात वरचा मळा उपटायचा आणि फुलबाजारासाठी मिमोझाची पिवळी फुलझाडं लावायची. ते वेल जोबात्ताच्या आजोबांच्या हातचे.

"बाबा, वरची वाइन वेगळी, हे सगळं तुमच्या मनाचं. वरच्या मळ्याची कुठली, खालच्या मळ्याची कुठली, ओळखून दाखवा, वेलांना हात लावणार नाही. चुकलात तर उपटणार."

"आण ग्लास! आईलाच भरू दे, म्हणजे मागाहून रडायला नको."

जोबात्ताने तेक्लाला तळघराच्या जिन्यात गाठलं. "वरच्या वाइनचा ग्लास पावाजवळ ठेव. एवढं कर गं."

"ठेवते."

आणि ठेवणारच होती. पण बाटल्या घेऊन वर येताना गुडघ्यात कळ आली आणि तिचं डोकंच फिरलं. त्या मळ्याचा बांध ढासळला की दगड वाहायचे तिने, द्राक्षांच्या पाट्या डोक्यावरून उतरवायच्या तिने, ओरेस्ते पोटात होता तेव्हासुद्धा. आणि कौतुक कुणाचं, तर नाकाचं!

तिने खालच्या मळ्याच्या वाइनचा ग्लास पावाजवळ ठेवला.

जोबात्ताने तो उचलला, डोळे मिटून ऐटीत हुंगला. "हीच वरची! गुलाब, रानातली स्ट्रॉबेरी... खालच्या मातीला सात जन्मांत जमायचं नाही."

"आई, कुठली गं ती?"

"खालची," तेक्ला म्हणाली.

ओरेस्ते खो खो हसला. जोबात्ताने पावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिला वाटलं, आता हा आपल्या नावाने बोंब मारणार.

"नाक गेलंय माझं," तो मुलाला म्हणाला. "लाव तुझी फुलं."

ओरेस्ते कुदळी बघायला बाहेर पळाला. जोबात्ताने दुसरा, वरच्या वाइनचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"मला तर काही कळत नाही. तू सांग, तेक्ला. कशी झालीय?"

एवढ्या संसारात पहिल्यांदाच त्याने तिला हे विचारलं होतं. तिने ग्लास नाकाशी नेला. इतका सुरेख वास होता की तिचा जीव कळवळला, आणि त्याचाच तिला संताप आला.

"पाणचट," ती म्हणाली.

जोबात्ताने मान डोलावली. तिचं खरं मानण्यावाचून आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.