तुटक रेघेतली खोली

इटलीतल्या तारांतोच्या जुन्या बेटावरल्या त्या बोळात एकच दार उघडं उरलं होतं. बाकीची विटांनी चिणलेली. आणि चिणलेल्या दारांमागचं सगळं मोजणीदार एजिदिओ नकाशात राखाडी रंगानं भरत आला होता. राखाडी म्हणजे भरीव. खचत्या भिंती सावरायला सोमवारपासून त्या जागांत काँक्रीट ओतलं जाणार होतं.

उघड्या दारातल्या म्हाताऱ्या कोझिमानं कागदावर बोट ठेवलं. "तेक्लाची खोली कुठाय?"

"आत जाता येत नाही, मावशी. न मोजलेली खोली मी काढू कशी?"

"चाळीस वर्षं शेजारीण होती माझी. तू तिची भिंत केलीस होय?"

तिनं फडताळातल्या बशा उतरवल्या आणि मागची फळी सरकवली. चौकोनभर काळोख उघडला, ओलसर, खारा. शिंपल्यांचं गरम ताट याच वाटेनं तेक्लाकडे जाई आणि रिकामं कधीच परतत नसे. तेक्ला वारली, तिचं दार चिणलं गेलं. फळीचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

एजिदिओनं पोलादी टेप आत सरकवली. ती पलीकडच्या भिंतीला टेकली : तीन मीटर बासष्ट. पण एका मापाची खोली होत नाही, आणि रुंदीसाठी पलीकडे टोक धरणारं माणूस लागतं. मोजणीतला जोडीदार निवृत्त झाल्यापासून त्याला अलीकडेही कुणी नव्हतं.

"रुंदी माझ्या पलंगाच्या लांबीएवढी, वीतभर कमी," कोझिमा म्हणाली. "दोघींचे पलंग एकाच सुतारानं केलेले. तिचा खोलीत मावेना, म्हणून उशाकडून कापला. मग असा घट्ट बसला की तिचा नवरा कुशीवर वळला तरी माझ्या बशा वाजायच्या."

"वीत कुणाची?"

"माझी. सुतार पिऊन आलेला, खूण मीच केली." तिनं तळहात पसरला. "आता आखडलीय जराशी."

पलंग लांबीला दोन मीटर तीस भरला. मग त्यानं टेप तिच्या हातावर ठेवली. कितीतरी दिवसांनी दुसऱ्याचा हात त्याच्या हाताखाली होता; एकोणीस हा आकडा त्यानं उगीचच दोनदा वाचला.

तेक्लाची खोली त्यानं तुटक रेघेनं काढली. तुटक रेघ म्हणजे ऐकीव माप. पण तिच्या आत राखाडी भरता येत नाही. आधी दार उघडून पाहावं लागतं.

"पुसट काढलीस," कोझिमा म्हणाली आणि बशा पुन्हा रचू लागली. फळी मात्र उघडीच ठेवली.

संध्याकाळी पूल ओलांडून घरी आल्यावर एजिदिओनं स्वतःची खोली मोजायला घेतली. टेपचं टोक त्यानं काढून ठेवलेल्या बुटाखाली दाबलं आणि चालू लागला. समोरची भिंत हातभर उरली असताना टोक सुटलं, आणि टेप सळसळत त्याच्याकडे परत आली.