बिघाडाचा रकाना
आमची अकरा यंत्रं या भागातली हवा मोजतात. एखाद्याचा आकडा शेजारच्या यंत्रांपेक्षा फारच वर गेला, की मी त्यापुढे ‘बिघाड’ लिहून तो सरासरीतून वगळतो. नियमच आहे तसा. ताईच्या गच्चीवरच्या यंत्राचा आकडा हिवाळाभर असाच वर जात होता. ताई फोनवर खोकत म्हणायची, “अरे, एकदा येऊन बघ तरी!” मी खेकसायचो, “तुझं आणि त्या यंत्राचं एकच रडगाणं!”

ताई गेली. आठवड्याने मी गच्चीवर जाऊन यंत्र उघडलं. ते ठणठणीत होतं. इमारतीमागे नवी भट्टी धूर ओकत होती. तपासणीच्या फॉर्मवर ‘बिघाड कुठे आढळला?’ असा रकाना होता. त्यात मी माझं नाव लिहिलं.