रुक्मिणीबाईच्या गालावरची लाली

वर्षभर रुक्मिणीबाईचा चेहरा मध्येच लालबुंद व्हायचा आणि कडूबा, तिचे यजमान, हटकून तिची फिरकी घ्यायचे, "या वयात कोणाले लाजून राह्यली वं?" पुढे खोकला हटेना, तपासण्या झाल्या आणि कळलं, ही लाली म्हणजे फुफ्फुसातल्या एका गाठीतून रक्तात झिरपणाऱ्या रसायनांची करणी. त्या दिवसापासून कडूबांच्या तोंडची थट्टाच गेली.

गाठ तेवढ्याच जागी असेल तर कापून काढता येणार होती. अंगभर पसरली असेल तर नाही. ते पाहायला दोघं उंद्रीहून संभाजीनगरला आले. तिथल्या डॉक्टर अनुपमांनी नीट समजावलं. प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा असतो, पेप्टाइड म्हणतात त्याला. त्याला किंचित किरणोत्सारी औषध जोडायचं आणि शिरेतून सोडायचं. तो रक्तातून फिरत फिरत या जातीच्या गाठीलाच जाऊन चिकटतो. मग यंत्रात जिथं उजळ ठिपका, तिथं गाठ.

कडूबांचा चेहरा खुलला. "म्हंजे आमचा कपाशीतला कामगंध सापळाच की! त्याच्यातल्या गोळीच्या वासावर बोंडअळीचाच पतंग येते, दुसरं पाखरू फिरकत नाही. मंग सांगा, एकाच कोपऱ्यात हाये का साऱ्या वावरात?"

"तेच बघायचंय, काका. उद्या सकाळी फोन करते."

स्कॅन झाला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, आजचा दिवस लहान लेकरांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहा. घरी सून संजीवनीला सातवा महिना. म्हणून गावी पोचल्यावर रुक्मिणीबाई घरात गेलीच नाही, गोठ्याच्या ओट्यावर बसून राहिली. सुनेनं वाढलेलं ताट घेऊन कडूबा आले आणि तिला खेटूनच बसले.

"दूर सरका ना! माह्या अंगात किरणं हायेत."

"मी काय पोटुशी आहो काय?"

ती खुदकन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "अन् साऱ्या वावरात निंघालं तर हो?"

कडूबाही मनातून फार भ्याले होते. त्यांनी भाकरी कुस्करली, वर वरण ओतलं आणि त्याच ताटात तिच्याबरोबर जेवायला बसले. लग्नातल्या घासानंतर असं कधी झालं नव्हतं.

सकाळी फोन आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून संजीवनीनं स्पीकर लावला.

"काका, एकाच कोपऱ्यात आहे. बाकी वावर स्वच्छ. ऑपरेशन करता येईल."

कडूबांनी मग जन्मात न केलेली गोष्ट केली. सुनेदेखत रुक्मिणीबाईचा हात धरला आणि कपाळाला लावला. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कडूबा घाबरून फोनकडे वळले.

"पुन्हा आली का वं लाली? डॉक्टरले फोन लावू?"

"हात सोडा आधी," ती पदराआडून पुटपुटली. "हे त्या गाठीचं नाही. सून पाहून राह्यली ना!"