उमाची मान आणि आभारप्रदर्शन

बदलापूर पूर्वेला शिरगावात आमची सोसायटी आहे. तिच्या सभागृहात एका रविवारी सकाळी मोफत मणका तपासणी आणि कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं झटके देऊन मणके सरळ करण्याचं, शिबिर झालं. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी अंबरनाथच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो, एवढ्यावर लोक मला वक्ता समजतात. वास्तविक माझं काम लोकांना गप्प बसवण्याचं होतं, आणि तेही मी पाटी लावूनच करत असे.

सोसायटीचा सेक्रेटरी दिनानाथ पत्रक घेऊन घरी आला. "सर, दोन मिनिटं बोला फक्त. डॉक्टर यज्ञेश. उल्हासनगर कॅम्प एकला सेंटर आहे. एक झटका, काम फिनिश."

"डॉक्टर म्हणजे कशाचे?"

"मणक्याचे, सर."

"शिकले कुठं ते पत्रकात नाही."

"फोटो आहे ना."

फोटो होता. गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि मागे प्लास्टिकचा सांगाडा हसत होता.

आतून माझी बायको उमा म्हणाली, "दिनानाथभाऊ, माझं नाव लिहा हो."

उमाची मान तीन महिने दुखत होती. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत, सुईत दोरा ओवता येत नसे. आमच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढा, मग पुढचं बघू, असं सांगितलं होतं. तो आज काढू, उद्या काढू असं चाललं होतं, आणि त्यात उद्या म्हणणारा बहुतेक वेळा मी असे. शिवाय हृदयाच्या ठोक्यांसाठी तिला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि हाडं ठिसूळ झाल्याचं मागच्या वर्षीच निघालं होतं.

"गोळीचं सांगशील ना त्यांना?" मी विचारलं.

"विचारलं तर सांगेन. चारचौघांत आपणहून आजार कशाला मोजायचे?"

पुढचे चार दिवस मी वाचत बसलो. या विद्येनं काहींची कंबरदुखी थोडी हलकी होते, हे खरं दिसलं. सांधा वाजतो तो आतल्या वायूच्या बुडबुड्यानं, मणका जागेवर बसल्यामुळे नव्हे. मानेला झटका दिल्यावर क्वचित रक्तवाहिनी फाटते आणि माणसाला पक्षाघात होतो. हाडं ठिसूळ असली, रक्त पातळ होत असलं, हाताला मुंग्या असल्या, तर जाणता माणूस आधी चौकशी करतो आणि कित्येकांना हात न लावता परत पाठवतो. हे सगळं मी एका कागदावर लिहिलं, घडी करून खिशात ठेवलं आणि रविवारी पत्रकातला मजकूर वाचून दाखवला. निष्णात, सिद्धहस्त, हजारो रुग्णांचा आधार. टाळ्या पडल्या. पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ दिलं गेलं. आमच्याकडे ज्याला एकदा शाल पांघरली, त्याला नंतर प्रश्न विचारत नाहीत.

नोंदणीच्या अर्जात नाव, फ्लॅट नंबर, व्हॉट्सॲप नंबर आणि व्हिडिओ काढायला हरकत नाही, एवढंच होतं. आजार आणि औषधं यांना रकाना नव्हता.

डॉक्टर यज्ञेशनी कॉलरला बारीक माइक लावला होता. त्यांनी पाठ दाबली की स्पीकरमधून कडकड आवाज येई आणि खुर्च्यांमधले लोक टाळ्या वाजवत. दुसऱ्या मजल्यावरच्या जयदेवची मान तीनदा पिळूनही वाजली नाही. तो तपासणीच्या टेबलावरून उतरताना ओशाळून म्हणाला, "सॉरी हां."

शिरगावातले जुने शेतकरी रामभाऊ, ज्यांच्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे, पालथे पडले. त्यांची पाठ चांगली दोनदा वाजली.

"कैसा लग रहा है, काका? मोकळं वाटतंय ना?"

"बरा वाटतंय," रामभाऊ म्हणाले. "पन नुसता पडलोय तवाबी बरा वाटत व्हता."

लोक हसले. डॉक्टरही हसले आणि माइकवर म्हणाले, "देखो, स्माईल आ गयी."

सातवा नंबर उमाचा. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "गोळीचं सांग."

"अहो, तुम्हीच तर आत्ता सिद्धहस्त म्हणालात."

ती आडवी झाली. डॉक्टर डोक्याशी उभे राहिले, एक हात तिच्या हनुवटीखाली गेला, दुसरा मानेमागे.

"आजी, बॉडी लूज सोडा. नर्व्ह दबली आहे, ओपन करून देतो."

दबली हे कशावरून? त्यांनी काही विचारलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. थांबा, एवढंच ओरडायचं होतं मला. पण साठ माणसांसमोर ओरडणं मला जन्मात जमलेलं नाही. माझे पाय मात्र भाषणाच्या टेबलाकडे गेले आणि मी तिथला माइक हातात घेतला. सभेत माझ्यासारख्यानं मध्येच काय बोलावं म्हणजे कोणी हरकत घेणार नाही? मला एकच गोष्ट सुचली.

"आता मी आभारप्रदर्शन करतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी दचकून वर पाहिलं. हात अजून उमाच्या मानेवरच होते.

"सर्वप्रथम डॉक्टर यज्ञेश यांचे मनःपूर्वक आभार."

टाळ्या वाजल्या. आता भर सभेत नाव घेऊन आभार मानले की माणसाला नमस्कार करावा लागतो, आणि नमस्कार एका हातानं होत नाही. डॉक्टरांनी उमाची मान सोडली आणि चारी बाजूंना हात जोडले.

मला थांबायचं नव्हतं. थांबलो असतो तर ते हात परत खाली गेले असते. मी खिशातला कागद काढला. "कोणती औषधं चालू आहेत हे विचारून त्यांनी आपल्याला अडचणीत आणलं नाही, याबद्दल आभार. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना आणि ठिसूळ हाडांच्या लोकांना त्यांनी वेगळं काढलं नाही. सर्वांना समान वागणूक दिली. एक्स-रेसारख्या गोष्टींत वेळ घालवला नाही. मानेच्या झटक्यानं क्वचित पक्षाघात होतो, असलं अभद्र त्यांनी तोंडातून काढलं नाही. आपण नको म्हणू शकतो, हे सांगून कोणाला संभ्रमात टाकलं नाही. आपलं शिक्षण कुठं झालं याची बढाई मारली नाही. अशा विनम्र माणसाचे आभार मानावे तेवढे थोडे."

प्रत्येक वाक्याला टाळ्या पडल्या. पहिल्या तीन वाक्यांना डॉक्टरांनीही नमस्कार केले. मग त्यांचा चेहरा बदलला.

पण तोवर लोक उठले होते. आभार झाले म्हणजे कार्यक्रम संपला, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. दिनानाथ दारातून विचारत आला, "आभार कोणी मानले? लिस्ट बाकी आहे अजून."

"सरांनी मानले."

"मग पोहे काढा," दिनानाथ म्हणाला.

उमा टेबलावरून उतरली, अंबाड्याचा आकडा नीट केला आणि माझ्याशी न बोलता घरी गेली.

पोह्यांच्या रांगेत लोकांनी माझं कौतुक केलं. "काय सुंदर आभार मानलेत, सर. डॉक्टरांचा एकेक गुण टिपलात." दिनानाथ म्हणाला की एक्स-रे लागत नाही हा पॉइंट त्याच्या डोक्यातच आला नव्हता. नंबर हुकलेल्या पाच जणांनी सोमवारी कॅम्प एकला जायचं ठरवलं आणि एकानं मला तिथला रस्ता विचारला. मी सांगितला नाही. माहीत नाही, म्हणालो. त्याहून जास्त काही माझ्या हातून झालं नाही.

भाषण फक्त उमाला समजलं होतं. "थट्टा करण्यापेक्षा सरळ बोलायचं होतंत," ती संध्याकाळी म्हणाली. "लोक थट्टेलाही टाळ्या वाजवतात."

मग तिनं फोन घेतला आणि मुंग्या आलेल्या बोटांनी, एकेक अक्षर शोधत, सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: मी रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि माझी हाडं ठिसूळ आहेत. मी मान वळवून घेतली नाही, घेणारही नाही. ज्यांचं माझ्यासारखं आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

बारा मिनिटं लागली. तीस वर्षं पुस्तकांत राहून मला हे तीन वाक्यांत लिहिता आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी रामभाऊ दारात उभे. हातात गोळ्यांची पट्टी. "वहिनी, पोरानं तुमचा मेसेज वाचून दाखवला. ती गोली हीच का?"

उमानं पट्टी पाहिली आणि माझ्याकडे दिली. तीच होती. रामभाऊंनी सदरा वर केला. पाठीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

"दुखत नाय फार," ते म्हणाले. "सर सिद्धहस्त म्हनले, म्हनून झोपलो मी तिथं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या," उमा म्हणाली. तिनं कपाटातून आपली फाइल काढली, रामभाऊंची पट्टी त्यात ठेवली आणि मला म्हणाली, "चपला घाला. माझा एक्स-रे काढू आणि यांची पाठ दाखवू, दोन्ही आजच. आणि आपल्या डॉक्टरांना नीट सांगा, यांना शिबिरात कोणी झोपवलं ते."

मी चपला घातल्या.