हळू बोलणारे साहेब

साहेब रुग्णालयात व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा त्यांचा आवाज म्हणजे नुसता ढोल. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांच्या वॉर्डाच्या दारातून मला हाक मारली आणि तीन पोरं दचकून उठली. मी वॉर्डाची मुख्य सिस्टर. "व्यवस्थापक असाल तुमच्या केबिनमध्ये," असं म्हणत मी त्यांना तिथंच फैलावर घेतलं. "बोलायचं तर खाटेशी जाऊन, वाकून, हळू. माणसं झोपलीत इथं."

त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढची बावीस वर्षं आवाज चढला नाही. भांडणाऱ्या डॉक्टरशीही तसेच वाकून बोलायचे. सकाळची फेरी झाली की माझ्या टेबलाशी बसून माझाच चहा प्यायचे, वर साखर कमी म्हणायचे. फार छान दिवस होते ते.

मग वरून सरकारचा कागद आला. मुलांच्या निम्म्या खाटा बंद.

"सिस्टर, आता कागद काढणाऱ्यांतच जाऊन बसतो," साहेब म्हणाले. राजीनामा देऊन त्यांनी राज्याच्या विधानसभेचं तिकीट मागितलं. पक्षाच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, "एक सभा घ्या. जमली तर तिकीट तुमचं, नाहीतर तिकिटाला एक कंत्राटदार तयारच आहे."

सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत. साहेब माइकपाशी दोन वाक्यं बोलले, अवघडले, आणि चक्क खाली उतरले. एका म्हाताऱ्याच्या खुर्चीशी वाकून त्याला खाटांचं सांगू लागले. हळू. म्हातारा डोळे पुसत होता, पण मागे कुणाला काही ऐकू येईना. खुर्च्या सरकल्या, लोक उठू लागले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

माझा संताप झाला, माझ्यावरच. मी उठून ओरडले, "साहेब, वर जा! मोठ्यानं बोला! इथं कुणी झोपलेलं नाही!"

सगळे हसले. साहेब वर गेले. बावीस वर्षांनी तो ढोल वाजला. उठलेले लोक परत बसले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारातूनच हाक आली, "सिस्टर! मिळालं तिकीट!"

तीन नंबरच्या खाटेवरचं पोर दचकून रडायला लागलं. माझं बोट सवयीनं ओठांवर गेलं. मी ते खाली घेतलं, पोराला उचललं आणि म्हणाले, "अभिनंदन, साहेब."

चहाचं विचारायचं राहूनच गेलं.