पाय पुढं नकोत

“शरीर म्हणजे माणूस निघून गेल्यावर मागं उरलेला प्रश्न,” केयूरने पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांना फोनवर सांगितलं, आणि फोनवर तळहात दाबून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “आई, तिसरी शिट्टी झाली! बंद करू का?”

दमयंतीबाई स्वयंपाकघरात नव्हत्याच. त्या मागच्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या, आत जावं की नाही याचा विचार करत.

आत श्रीधरपंत बाकावर बसले होते. म्हणजे त्यांचा पुतळा. गेल्या हिवाळ्यात केयूरने वडिलांना अर्ध्या चड्डीवर बसवलं, अंगभर तेल चोपडलं, नाकात नळ्या खुपसल्या आणि प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून त्यांच्या देहाचा साचा काढला. पुढच्याच आठवड्यात श्रीधरपंत झोपेत गेले. दमयंतीबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नागपुरात होत्या. परतताना गाडी वाटेत रखडली, आणि त्या छावणीतल्या घरी पोचल्या तेव्हा अंगण धुऊनसुद्धा झालं होतं.

मग साच्यातून हा पांढराशुभ्र, फायबरचा पुतळा निघाला. तेव्हापासून दमयंतीबाईंनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. खिडकीवर त्यांनी बाहेरूनच पंचा लावला होता. मागच्या नळावर जाताना दारापाशी आल्या की त्या खाकरत. शेजारच्या केसरबाईंनी एकदा विचारलंच, “आत कुणी आहे का?”

“हे बसलेत ना, उघडे.”

त्या दिवसापासून केसरबाईही खाकरू लागल्या.

आज टेम्पो आला होता. पुतळा पुण्याच्या प्रदर्शनाला जायचा होता, आणि तो काही परत येणार नव्हता. कुणा कारखानदाराने आपल्या बंगल्यासाठी तो आधीच मागून ठेवला होता.

हर्सूलचा टेम्पोवाला राजकुमार आपला गडी घेऊन आला. दाराबाहेर चपला काढून त्याने आधी पुतळ्याला हात जोडले.

“अंकल लई जड हायेत का?”

“नाही रे, पोकळ आहेत,” केयूर म्हणाला. “आत काहीच नाही.”

राजकुमारने दमयंतीबाईंकडे पाहिलं आणि जीभ चावली.

बाक दारातून निघेना. राजकुमारने डोळ्यांनी माप घेतलं. “आडवं करून काढावं लागंल. पाय पुढं घेऊ.” दोघांनी बाकासकट पुतळा पाठीवर कलता केला. श्रीधरपंत गुडघे वर करून छताकडे बघू लागले. तळपाय अंगणाकडे झाले.

“थांबा!”

दमयंतीबाई आत आल्या होत्या.

“पाय पुढं नकोत.”

“व्हय की,” राजकुमार हळूच म्हणाला, आणि पुतळा होता तसा बसवून दोन पावलं मागं सरकला.

“आई, हे फायबर आहे.”

“मला ठाऊक आहे.”

“मग डोकं पुढं घेऊ?”

“आजारी आहेत का ते आडवे जायला?”

दमयंतीबाईंनी बाहेर अंगणाकडे पाहत विचारलं, “त्या दिवशी पाय पुढं करूनच नेलं ना?”

“हो.”

“मी नव्हते.”

केयूरने प्लास्टरने माखलेला हात कपाळावरून फिरवला. कपाळ पांढरं झालं.

“दार काढा,” त्या म्हणाल्या. “बसलेलेच जातील.”

राजकुमार टेम्पोतून पेचकस घेऊन आला आणि बिजागऱ्यांच्या मागे लागला. तेवढ्या वेळात दमयंतीबाईंनी पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहिलं. उतरलेला डावा खांदा, पोटाची घडी, दंडावरचा देवीच्या लशीचा वण. चड्डीच्या नाडीची गाठसुद्धा तशीच, घाईत मारलेली. डावा हात मांडीवर उताणा होता. उजव्या हाताची दोन बोटं मात्र छातीजवळ जुळलेली.

“या बोटांचा फोटो पाहून पुण्याच्या समीक्षकाने अख्खं पान लिहिलंय,” केयूर म्हणाला. “शून्य चिमटीत धरू पाहणारा आधुनिक माणूस.”

“तपकीर आहे ती.”

“काय?”

दमयंतीबाई पुतळ्याकडे वाकल्या.

“शब्द दिला होता मला. माझी पाठ वळायची खोटी, पुन्हा सुरू केलीत.”

आणि त्यांनी त्या बोटांवर हात ठेवला. खिडकीतल्या पंच्यातून झिरपणाऱ्या उन्हानं बोटं कोमट झाली होती. त्यांनी हात झटकन मागं घेतला. थोडा वेळ साडीच्या निऱ्यांशी चाळा केला. मग पुन्हा ठेवला, आणि दाराची फळी निघेपर्यंत तो तिथंच राहिला.

श्रीधरपंत बसल्या बसल्या घराबाहेर पडले. अंगणात केसरबाईंनी डोक्यावर पदर घेतला. टेम्पोत बाक मागं तोंड करून ठेवला आणि दोर बांधला.

केयूर पुढे राजकुमारशेजारी बसायला निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. मागच्या बाजूने वर चढला. बापाच्या शेजारी मोकळ्या जागेत बसून त्याने त्यांच्या खांद्यामागून हात घातला.

“दोर आहे की भाऊ,” राजकुमार म्हणाला.

“असू दे.”

दमयंतीबाई आत जाऊन वाटी घेऊन आल्या. टाचा उंचावून त्यांनी श्रीधरपंतांच्या उताण्या तळहातावर दह्याची कवडी ठेवली. पांढऱ्यावर पांढरं, दिसलंही नाही. डाग पडेल असं काहीतरी केयूरच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि दही सांडू नये म्हणून खालून आपला हात लावला.

इंजिन सुरू झालं. दमयंतीबाई लगबगीने पुढच्या खिडकीशी गेल्या.

“राजकुमार, नगर नाक्यापर्यंत जरा सावकाश घे हं. यांना गाडी लागते.”